राहिलेल्यांचा रकाना

सुदाम, परवा कळसला, तू गेल्यावर ठेवलेल्या पुण्यानुमोदनाला मी दोन शब्द बोललो. दोन म्हणता म्हणता पंधरा मिनिटं बोललो. माझी सवय तुला ठाऊक आहे, तिकीट फाडतानासुद्धा माझं तोंड बंद नसतं. मांडवातल्या बायका डोळ्यांना पदर लावत होत्या. तुझे साडू माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, मास्तर, मन मोकळं केलंत. मी मान हलवली. जे बोलायला हवं होतं तेवढंच सोडून मी बाकीचं सगळं बोललो होतो, हे त्यांना कसं कळणार.

अक्का मागं बसली होती, बायकांच्या शेवटच्या रांगेत. तुझी थोरली बहीण, पण घरच्या माणसांत पुढं बसली नाही. मी बोलताना दोनदा तिच्याकडं बघितलं आणि दोन्ही वेळा नजर तुझ्या फोटोकडं वळवली. फोटोतला तू सोपा वाटलास.

म्हणून हे लिहितोय. तुझी नोकरी किती वर्षं झाली, बढती कधी मिळाली, मागं कोण कोण आहे, ते सगळं तुझ्या पुतण्यानं छापून वाटलंय. माझ्याकडं त्यात न छापलेलं एक आहे.

आपण दोघं एकाच दिवशी बारामती डेपोला कंडक्टर म्हणून लागलो. तू कळसचा, मी लासुर्ण्याचा. ट्रेनिंगला एका खोलीत होतो. तुझ्या आईच्या हातचा शेंगदाण्याचा ठेचा मी पहिल्याच दिवशी संपवला, आणि तू म्हणालास, हा गडी डबा बघून मैत्री करतोय. पुढं आपण कायम एकाच डब्यात जेवलो. माझ्या घरी ऊस, कारखान्याचे सभासद, भावकी मोठी. तुझ्या वडिलांनी छप्पन साली बुद्धाची दीक्षा घेतलेली. या गोष्टी आपल्यामध्ये कधी आल्या नाहीत असं मी चारचौघांत छाती काढून सांगायचो. एका डब्यात जेवलं की झालं, आपल्या मनात आता काही नाही, असं मी धरून चाललो होतो. किती सोपी परीक्षा घेतली होती मी माझी.

मग तू खात्याची परीक्षा पास झालास, वाहतूक निरीक्षक झालास आणि वेळापत्रकाच्या टेबलावर जाऊन बसलास. मी पेटी गळ्यात अडकवून तिथंच राहिलो. तुला 'साहेब' म्हणून चिडवायचो. तू म्हणायचास, साहेब म्हणायचं असंल तर ड्यूटीला वेळेवर येत जा.

वेळापत्रक कसं करतात हे आम्हाला माहीत होतं. मागल्या वर्षीचं घ्यायचं, ज्या पुढाऱ्याचा फोन आला असेल त्याच्या गावाची गाडी वाढवायची, वर नवीन तारीख घालायची. तू तसलं काही केलं नाहीस. घरचं स्टूल घेऊन तू भवानीनगरच्या थांब्यावर जाऊन बसलास, चार दिवस. कारखान्याचा भोंगा व्हायचा आणि पाळी सुटलेली माणसं धावत यायची, तोवर बारामतीची गाडी निघून गेलेली असायची. पुढची गाडी सव्वा तासानं. इतकी वर्षं ती माणसं तो सव्वा तास तिथं बसून काढत होती आणि डेपोत कुणाला त्याची गंधवार्ता नव्हती. तू गाडी वाढवली नाहीस, माणूस मागितला नाहीस. नुसती पंधरा मिनिटं पुढं सरकवलीस. पहिल्या दिवशी त्या गाडीवर मीच होतो. एक फिटर चढला, सीटवर बसला आणि मला म्हणाला, "मास्तर, आज घरात दिवा लागायच्या आत पोचणार." हे मी तुला सांगितलं तेव्हा तू वर न बघता म्हणालास, तिकिटं किती गेली ते सांग. पण कान लाल झाले होते तुझे.

आणि मग तो रकाना. वेबिलावर, म्हणजे फेरीच्या हिशेबाच्या कागदावर, आम्ही दोनच गोष्टी लिहायचो, किती चढले आणि किती उतरले. तू मोजणीसाठी वेगळा तक्ता केलास आणि त्यात पट्टीनं आखून तिसरा रकाना काढलास. वर लिहिलंस, 'राहिले'. हात करूनही ज्यांना गाडी मिळाली नाही, गाडी भरली होती म्हणून, थांबा नव्हता म्हणून, किंवा थांबलोच नाही म्हणून, त्यांची मोजणी. सगळे डेपोत हसले. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो. राहिलेल्यांचं तिकीट कोण फाडणार, असं मीच विचारलं होतं. हा विनोद डेपोत बरेच दिवस चालला, तो माझा.

तू हसला नाहीस. "जो चढला त्येचीच आपल्याकडं नोंद, दत्तोबा. जो राहिला तो आपल्या दप्तरी जन्मालाच आला न्हाय."

त्यावर आपला वाद झाला, स्टँडच्या कँटीनमध्ये, दोन चहा होईपर्यंत. मी म्हणालो, कंडक्टरनं स्वतःच लिहायचं की मी अमक्या जागी माणसं सोडून आलो? कोण आपल्या पायावर धोंडा पाडून घेईल? तू म्हणालास, या तक्त्यावरून कुणाला जाब विचारणार नाही असं मी वरून लिहून घेतलंय. मी म्हणालो, लिहून घेतलेल्याला काय किंमत, कंडक्टर खोटंच लिहिणार. तू म्हणालास, माणसावर भरवसा ठेवल्याशिवाय मोजणी होत नाही. तो वाद अर्धा राहिला, माझी गाडी लागली होती. पुढं मी तो जिंकलो. कसा जिंकलो ते सांगायलाच हे कागद आहेत.

लासुर्णे सोडून भवानीनगरकडं निघालं की मध्ये कालव्याच्या फाट्यालगत बौद्ध वस्ती आहे. रस्त्याला लागून, पण थांबा नाही. तिथल्या माणसानं गाडी धरायची तर भवानीनगरपर्यंत चालत जायचं. अक्का तिथं दिलेली. तिच्या लेकीला, सुनंदाला, बारामतीला नर्सिंगच्या कोर्सला प्रवेश मिळाला होता, वस्तीतली पहिलीच मुलगी. सकाळी आठला हजेरी. इंदापूरहून बारामतीला जाणारी आमची सकाळची गाडी अगदी वेळेवर तिच्या दारावरून जायची.

तुला काय अवघड होतं? तक्त्यात चार आकडे घातले असतेस तर थांबा मिळाला असता. तू उलटं केलंस. मोजणीच्या आठवड्यात त्या गाडीवर मला घातलंस आणि म्हणालास, "तितं मी मोजलं तर म्हणतील घरच्यांसाठी आकडं फुगवलं. तू मोज. तुझा आकडा कुणी खोडणार न्हाय."

हे वाक्य तेव्हा मला मानाचं वाटलं होतं. त्यात काय होतं ते मला आता दिसतं. तुझ्या लोकांसाठी तुझा शब्द चालणार नाही आणि माझा चालेल, हे तू न चिडता, चहाचा कप बशीत ठेवता ठेवता सांगितलंस. आणि मी कॉलर ताठ करून निघालो.

सोमवारी सकाळी लासुर्ण्याच्या बाहेर आमच्या भावकीतले एक आबा मळ्याच्या बांधावर उभे होते. त्यांनी नुसती टोपी हलवली. मी दोरी ओढली. तिथं ना पाटी ना थांबा. "या आबा, बसा" म्हणून मी पुढची सीट झटकून दिली. पुढं वस्ती आली. अक्का भाजीची पाटी घेऊन, सुनंदा निळ्या काठाच्या पांढऱ्या साडीत, एक म्हातारं माणूस काठी टेकत, आणखी तीन-चार जण. सगळ्यांचे हात वर. ड्रायव्हरनं आरशातून माझ्याकडं बघितलं. तो नेहमी बघायचा, थांबायचं की नाही ते माझ्या दोरीवर होतं. मी तिकिटांच्या गठ्ठ्यात बघत राहिलो. गाडीत जागा होती, सुदाम. मागली लांब सीट सगळी मोकळी होती.

मंगळवारी तसंच. शनिवारपर्यंत तसंच. बुधवारी सुनंदा चार पावलं पळत आली होती. एवढं मला स्वच्छ आठवतं.

शनिवारी दुपारी डेपोत बसून तक्ता भरला. बाकीच्या जागा मी इमानदारीनं भरल्या. एका फाट्यावर गाडी गच्च होती म्हणून अकरा सोडले, लिहिले. एका गावात घाईत तिघं राहिले, लिहिले. वस्तीच्या ओळीवर आलो आणि पेन अडलं. रोज सात लिहिले तर तू विचारशील, गाडीत जागा असताना का नाही थांबलास. मी लिहिलं, 'निरंक'. आपल्या दप्तरातला शब्द कसा स्वच्छ असतो बघ. 'कुणी नव्हतं' असं लिहायचं असतं तर कदाचित हात थांबला असता.

तुझ्या जाबाची भीती हे खरं कारण, असं मी स्वतःला चार वर्षं सांगत आलो. ते खरं असतं तर बाकीचेही आकडे खाल्ले असते मी. त्या गावांत मी माणसं सोडली ते लिहिलं, कारण ती बोंब मारतील, कागद करतील, डेपोवर येतील. वस्तीतली माणसं येणार नाहीत, आणि आली तरी कुणी ऐकणार नाही, हे मला कुणी न सांगता माहीत होतं. तुझ्या डब्यात जेवून, तुझ्याच लोकांविषयी मला हे माहीत होतं. आपला तो बाब्या म्हणतात ना, तसला प्रकार. ज्याला राखण म्हणून उभं केलं त्या कुंपणानंच शेत खाल्लं.

तू तक्ता वाचलास. त्या ओळीवर बोट ठेवलंस. "आठवडाभर एक बी न्हाय?"

"न्हाय."

"अक्का म्हणती, रोज उभी असती."

"येत असंल आमी गेल्यावर." हे मी किती सहज म्हणालो. गाडी चुकल्याचा दोषही त्यांच्यावरच टाकला.

तू पेनाचं टोपण लावलंस, परत काढलंस आणि सही केलीस. त्या मोजणीतून सात थांबे मंजूर झाले. वस्तीचा झाला नाही. तुझ्याकडं तो तक्ता समजून घ्यायला वरचे साहेब लोक आले, तुझं कौतुक झालं, दुसऱ्या डेपोतले लोक रकाना बघायला आले. काहींनी मुद्दाम म्हटलं, या माणसानं घरच्यांनाही सवलत दिली नाही, याला म्हणतात निःपक्षपाती. मी तुझ्या शेजारी उभा राहून मान डोलवत होतो.

अक्का डेपोत आली त्या दिवशी मीही होतो. तुझ्यासाठी फडक्यात भाकरी बांधून आणली होती. तिनं साधंच विचारलं, आमच्या थांब्याचं काय झालं. तू खाली बघून सांगितलंस की मोजणीत कुणी आलं नाही.  ती सगळ्यांदेखत म्हणाली, "रोज हात वर करून उभ्या असतो आमी. माणसात मोजायला बी कमी पडलो व्हय रं, तुला?" भाकरी टेबलावर ठेवली आणि गेली. त्यानंतर ती तुझ्याशी बोलली नाही. भाऊ साहेब झाला आणि आपल्या माणसांची त्याला लाज वाटायला लागली, असं तिनं धरलं, ते शेवटपर्यंत. सुनंदा भवानीनगरपर्यंत चालत जायची, तरी गाडी चुकायची, हजेरी कमी पडली, परीक्षेला बसू दिलं नाही. वर्षाच्या आत तिचं लग्न करून दिलं. लग्नाला तू गेलास आणि मांडवाच्या कडेला उभा राहून आलास. हे तूच मला सांगितलंस, आणि मी तुला म्हणालो, होईल सगळं ठीक. माझ्या तोंडाला तेव्हा फोड कसे आले नाहीत.

पुढल्या वर्षी परत मोजू, असं तू म्हणत होतास. तेवढ्यात तुझी बदली इंदापूरला झाली आणि तुझ्या जागी आलेल्या साहेबांनी तक्ता सुटसुटीत केला. तिसरा रकाना काढून टाकला.

एकदा इंदापूरच्या स्टँडवर मला तू चहाला बोलावलंस. इकडचं तिकडचं झालं. मग सहज विचारल्यासारखं म्हणालास, मोजणीच्या त्या आठवड्यात तुझी गाडी वेळेवर होती का. मी फुशारकीनं म्हणालो, एक मिनिट लेट नाही. तू म्हणालास, "व्हय, बघितलंय मी. भवानीनगरला दोन दिवस तर येळंच्या आधीच पोचली हुती." आणि चहा प्यायलास. मी गाडीकडं पळालो.

तुला कळलं होतं का, सुदाम? हा प्रश्न मी रोज दोरी ओढताना घोळवतो. कळलं असेल, तर माझी नोकरी जाऊ नये म्हणून तू बहिणीचे बोल सोसलेस. कळलं नसेल, तर तू माझ्या एका शब्दावर तिचं खोटं मानलंस. दोन्हीकडून मला तोंड दाखवायला जागा नाही. तुझ्यामुळं किती माणसं वेळेवर घरी पोचली ते मला माहीत आहे, मी त्यांची तिकिटं फाडलीत. त्याबद्दल तुझे आभार मानायचे म्हटलं तरी जीभ अडखळते, कारण ज्या एका जागी तू माझ्यावर सोडलंस तिथं मी असा वागलो.

आणि दवाखाना. ते तर तुझ्या घरीही कुणाला माहीत नाही.

मी भेटायला आलो तेव्हा तुझे डोळे हळदीसारखे झाले होते. वहिनी पाणी आणायला गेल्या तेवढ्यात तू म्हणालास, तुझी गाडी तिकडून जाते, अक्काला निरोप दे, एकदा येऊन जा म्हणावं. दुसऱ्या दिवशी मी गाडी वस्तीवर थांबवली. चार वर्षांत पहिल्यांदा थांबवली. खाली उतरून अक्काला सांगितलं, सुदामला जरा कावीळ झालीय, भेटून ये म्हणतोय. जरा म्हणालो मी. तिनं पाटी खाली ठेवली नाही. "त्येला म्हणावं, मी मोजणीत न्हाय," एवढंच म्हणाली.

तेव्हा सांगायचं होतं. गाडीतली माणसं खिडकीतून बघत होती, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, आणि माझ्या जिभेवर ते आलंही होतं. अक्का, ते मी लिहिलं, त्यानं नाही. इतकंच बोलायचं होतं, आणि ती पाटी तिथंच टाकून माझ्या गाडीत बसली असती. मी घंटी दिली. संध्याकाळी तुला येऊन सांगितलं की अक्काला बरं नाही, दोन दिवसांत येते म्हणाली. तू बरं म्हणालास. दोन दिवस तू दाराकडं बघत होतास, असं वहिनी परवा रडत रडत सांगत होत्या. कुणाची वाट बघत होते कुणास ठाऊक, म्हणाल्या. मी तिथं बसून ऐकलं.

काल माझी सुट्टी होती. भवानीनगरला उतरलो आणि वस्तीपर्यंत चालत गेलो. पाऊण तास लागला, भर उन्हात. सुनंदा रोज हे चालायची आणि मग दिवसभर उभी राहून शिकायची. अक्का दारात लसूण निवडत होती. मी पायरीवर बसलो आणि सगळं सांगितलं. आबांसाठी थांबलो ते सांगितलं, मागची सीट मोकळी होती ते सांगितलं, निरंक म्हणजे काय ते सांगितलं. दवाखान्यात तुझ्याशी काय खोटं बोललो तेही सांगितलं. मध्येच थांबावं असं फार वाटलं, थांबलो नाही.

ती लसूणच निवडत राहिली. शिव्या देईल, चप्पल उचलेल, असं मी धरून गेलो होतो. तेच बरं झालं असतं.

"मग मी माझ्या भावाशी बोलले न्हाय," ती म्हणाली, "ते कशापायी?"

 मी पाया पडायला वाकलो, तिनं पाय मागं घेतले. मग म्हणाली, "काल त्येचं चांगलं बोललात ते सगळ्या गावाम्होरं. आन् हे मला एकटीला सांगताय."

बरोबर होतं तिचं. शब्द न् शब्द बरोबर. वस्तीत कुणी ऐकत नाही अशा वेळी येऊन, पायरीवर बसून मी मोकळा होऊ बघत होतो. तेव्हा मी ठरवलं आणि तिलाही सांगितलं. सोमवारी सकाळी डेपोत तुझी शोकसभा आहे. सगळे ड्रायव्हर, कंडक्टर, वरचे साहेब असतील. त्यांच्यासमोर हे कागद मी वाचणार, माझ्या नावानिशी. नोकरीचं काय व्हायचं ते होऊ दे, तीन वर्षं राहिलीत. मी म्हणालो, अक्का, तुम्ही या. तुमच्यासमोर वाचतो.

तिनं लसणाची सालं पदरातून झटकली, उठली आणि रस्त्याकडं बघितलं.

"कशानं येऊ?" ती म्हणाली. "हितं गाडी थांबत न्हाय."

टोमणा नव्हता तो, सुदाम. तिला खरंच यायचं होतं.